गावांची सोयरीक

(वरणगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



जिथे बंदुकीची गोळी तयार होते त्या गावात हा माणूस परदेशी शहरांच्या मैत्रीवर काय बोलणार, असं पत्रिका पाहून काहींच्या मनात आलं असेल. बासष्टचं युद्ध होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा, १९६४ साली, इथे आयुध निर्माणी उभी राहिली. आज ती कागदोपत्री म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये मोडते, पण गावाच्या तोंडी अजून ‘फॅक्टरी’च आहे. मला उलट वाटतं. या विषयाला वरणगावइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण दूरदेशीच्या दोन गावांनी एकमेकांना आपलं म्हणण्याची हल्लीची रीत रुजली तीच मुळी दारूगोळ्याच्या, कारखान्यांच्या गावांत.

इंग्लंडमधलं कॉव्हेन्ट्री हे मोटारी आणि विमानांची इंजिनं बनवणारं गाव. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्याचा मध्यभाग जाळून टाकला, जुनं कॅथेड्रलही त्यातच गेलं. पुढे स्टालिनग्राडच्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. तिथेही ट्रॅक्टरच्या कारखान्यात रणगाडे बनत होते, म्हणजे गाव आपल्यासारखंच. कॉव्हेन्ट्रीच्या ८३० बायकांनी टेबलावर अंथरायच्या एका कापडावर आपापली नावं भरली, प्रत्येकीने सहा पेन्स घातले, आणि ते कापड नि ते पैसे औषधोपचारासाठी स्टालिनग्राडला गेले. ते कापड आज व्होल्गाकाठच्या संग्रहालयात आहे. दोन शहरांनी मैत्री जाहीर केली १९४४ साली. याच कॉव्हेन्ट्रीने १९५९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनशी नातं जोडलं, म्हणजे ज्या शहराची ब्रिटिश-अमेरिकी विमानांनी राखरांगोळी केली होती त्याच्याशी. हे मला पहिल्या मैत्रीपेक्षा अवघड वाटतं. ज्याने आपल्याइतकंच सोसलं त्याच्याकडे जाणं सोपं असतं. ज्याच्या घराला आपल्याच लोकांनी आग लावली त्याच्या दारात उभं राहायला वेगळी छाती लागते.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. १९५० मध्ये जर्मनीचं लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्सचं माँबेलिआर एकत्र आले. १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लोकांनी लोकांशी थेट संबंध जोडावेत म्हणून मोहीमच काढली. मग जगभर महापौरांना प्रवासाचं नवं निमित्त मिळालं. गावांच्या वेशीवर दहा-दहा परदेशी शहरांची नावं असलेल्या पाट्या लागल्या.

या पाट्यांतल्या काही नात्यांत जीव असतो आणि बऱ्याच नात्यांत नसतो. असं का होतं, एवढाच माझा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला घाई असेल तर चहाला जाता येईल. जिथे दोन गावांतल्या माणसांनी आधी एखादं काम एकत्र केलं आणि कागद मागाहून आला, तिथे नातं टिकलं. जिथे आधी कागद आला, तिथे बहुधा कागदच राहिला.

आपल्या मुंबईचीच यादी घ्या. योकोहामा १९६५, श्टुटगार्ट १९६८, शिवाय लेनिनग्राड, लॉस एंजेलिस, आणि २०१४ मध्ये शांघाय. यातल्या योकोहामाशी जुळलेल्या नात्याला एक पूर्वपीठिका आहे आणि त्यात खानदेशाचा वाटा आहे. जपानच्या कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोरात निघाल्या. त्यांना आखूड धाग्याचा स्वस्त कापूस हवा होता, आणि तो खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकत होता. पण मुंबई ते जपान वाहतूक पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या मुठीत, भाडं ती सांगेल तेवढं. तेव्हा जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन यूसेन कंपनी यांनी हातमिळवणी केली, आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबेहून मुंबईला पहिलं जहाज सुटलं. जपानच्या लांब पल्ल्याच्या नियमित जहाजसेवेची ती सुरुवात. जहाजाचं नाव होतं ‘हिरोशिमा मारू’. पी अँड ओने भाडी पाडून पाहिली, तरी ती सेवा चालू राहिली. पाचोरा, जळगाव, भुसावळकडच्या जिनांमधून दाबलेल्या गाठी रेल्वेने बंदरावर जायच्या आणि तिथून समुद्रापार. ज्या शेतकऱ्याचा कापूस त्या गाठीत होता त्याला जपान कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण कोबेच्या व्यापाऱ्याला खानदेश ठाऊक होता. मुंबई-योकोहामा करारावर सह्या झाल्या त्या त्यानंतर बहात्तर वर्षांनी.

पुण्याचं मात्र मला जरा हसू येतं, पुणेकर श्रोते कुणी असतील तर माफ करावं. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, दहा एकरांचं. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ती बाग आखली, म्हणून तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. बाग फार देखणी आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, आजी-आजोबा फिरतात. पण बाहेर येणाऱ्या दहा जणांना विचारा ओकायामा कुठे आहे, आणि किती उत्तरं येतात ते पाहा. औंधकडे ब्रेमेन चौक आहे. रोज हजारो गाड्या तिथे सिग्नलला थांबतात आणि पुढे जातात. तरीही ब्रेमेनचं नातं मला ओकायामाच्या नात्यापेक्षा भरीव वाटतं, कारण त्यामागे तिथल्या सामान्य नागरिकांचे गट होते आणि ते वर्षानुवर्षं इथल्या संस्थांशी जोडलेले राहिले. चौक त्या मानाने किरकोळ.

आता आपल्या उंबऱ्यावरची गोष्ट. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. सरकारी हद्दीत तो शेजारच्या जिल्ह्यात पडतो, पण जगभरच्या प्रवाशाला अजिंठ्याला जायचं तर तो जळगाव किंवा भुसावळ स्टेशनावर उतरतो. या लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला १८४४ च्या सुमाराला कॅप्टन रॉबर्ट गिल आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. त्याच्या रंगीत नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिलची कबर इथून जवळच, भुसावळला आहे. आपल्यापैकी किती जण तिथे गेलेत? मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेरा वर्षं खपून नव्या नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून अराई काम्पो हा जपानी चित्रकार कलकत्त्याला आला, आणि पुढच्या हिवाळ्यात अजिंठ्यात बसून त्याने ती चित्रं जपानी कागदावर उतरवली. त्या नकला टोकियोला सुखरूप पोचल्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. तीनदा काम, तीनदा राख.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितली नसती. जपानच्या नारा प्रांतात होर्युजी नावाचं अतिप्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या मुख्य दालनातली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या घराण्यातली, असं जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले. १९४० मध्ये जपानी सरकारने त्या भिंतींच्या नकला करायला चित्रकार नेमले, आणि त्यांत अराई काम्पो होते. अजिंठ्यात बसलेला हात आता होर्युजीच्या भिंतीपुढे बसला. अराई १९४५ मध्ये वारले. २६ जानेवारी १९४९ ला त्या दालनाला आग लागून मूळ चित्रं करपली, पण नकला वाचल्या, आणि पुढे त्या दालनाच्या भिंती पुन्हा चितारताना त्यांचा आधार झाला. अजिंठ्याच्या नावाने जपानने नव्वदच्या दशकापासून संवर्धनासाठी, रस्त्यांसाठी, पर्यटन केंद्रासाठी आपल्याला स्वस्त व्याजाचं कर्ज दिलं, त्यामागे ही सगळी ओढ आहे. त्या कर्जातून फर्दापूरजवळ उभं राहिलेलं केंद्र पाणी-विजेच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्या. त्यावर मी काही बोलत नाही. तुम्हालाही नगर परिषदेची बिलं ठाऊक आहेत.

याच अजिंठ्याच्या निमित्ताने महाराष्ट्रात एक रीतसर करारही झाला. १५ मे २०१५ ला, पंतप्रधान चीनमध्ये असताना, बीजिंगला औरंगाबाद आणि दुनहुआंग ही भगिनी शहरं जाहीर झाली. औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. दुनहुआंग हे गान्सू प्रांतातलं वाळवंटाच्या कडेचं गाव, त्याच्याजवळ मोगाओच्या लेण्या. पहिली खोदली इसवी सन ३६६ मध्ये, आणि आज चित्रं असलेल्या ४९२ लेण्या तिथे आहेत. चिनी यात्रेकरू युएन त्सांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, दगडी हत्ती असलेल्या डोंगरातल्या विहाराचं त्याने वर्णन केलं. ते अजिंठ्याचंच, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मायदेशी परतताना तो दुनहुआंगवरूनच गेला. करारासाठी याहून सुंदर जोडी शोधूनही सापडली नसती. शिवाय शिकण्यासारखं रोकडं कामही होतं. माणसांच्या श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब होतात ही दोघांचीही डोकेदुखी. दुनहुआंगने त्यावर तोड काढली. रोजच्या प्रवाशांची संख्या बांधून दिली, आणि २०१४ पासून लेण्यांत नेण्याआधी लोकांना एका मोठ्या केंद्रात चित्रपट दाखवून निम्मी उत्सुकता तिथेच भागवायला सुरुवात केली.

मग काय झालं? २०१७ ला सीमेवर डोकलाम, २०२० च्या सुरुवातीला करोनाची साथ, जूनमध्ये सीमेवरच गलवान. दोन देशांमधली थेट विमानं बंद झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत सुरू झाली नाहीत. हे झालं दिल्ली आणि बीजिंगचं. पण संभाजीनगरच्या बाजूनेही पाहा. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, आणि पुढची पाच वर्षं तिथे निवडून आलेला महापौरच नव्हता, प्रशासक होते. आपल्याकडच्या नगर परिषदांचीही तीच कथा, निवडणुकांना २०२५ चा डिसेंबर उजाडला. तिकडच्या महापौराने पत्र लिहायचं ठरवलं असतं तर पाकिटावर नाव कुणाचं घालायचं? सोयरीक जुळवून ठेवली आणि मुलाकडे घरात कर्तं माणूसच नाही, अशातली गत.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांना अठरा विषय दिले आहेत, पाणी, रस्ते, दिवाबत्ती, स्मशानं सुद्धा. परक्या देशाशी व्यवहार त्यांत नाही, तो केंद्राचा विषय आहे, त्यामुळे असा करार परराष्ट्र खात्याच्या संमतीनेच होतो. यात गैर नाही. पण त्यामुळे शहरांची मैत्री ही सरकारांच्या मैत्रीची सावली होऊन बसते. सरकारं रुसली की तीही आखडते. बाहेरही असंच आहे. ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्को यांचं साठ वर्षांचं नातं २०१८ मध्ये ओसाकाच्या महापौरांनी तोडलं, कारण युद्धात जपानी सैन्याने बायकांवर केलेल्या अत्याचारांचं स्मारक सॅन फ्रान्सिस्कोत उभं राहिलं होतं. तैवानविषयीच्या एका कलमावरून प्राग आणि बीजिंगचं २०१९ मध्ये तुटलं.

ज्यांच्याकडे मोडण्यासारखा कागदच नव्हता ती दोन नाती मात्र टिकली आहेत, आणि ती दोन्ही महाराष्ट्रातली आहेत.

कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी वळिवडे आहे. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतले सुमारे पाच हजार वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत, मुलं कोल्हापूरच्या रस्त्यांवर फिरत. मग ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली आणि म्हातारी झाली, पण कोल्हापूरला येत राहिली. २०१७ मध्ये वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. २०१९ मध्ये, महायुद्धाला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, वळिवड्याला स्तंभ उभारला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सॉला गेले तेव्हा त्या स्मारकाशी थांबले. म्हणजे सरकार आलं ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, लोकांनी जपलेल्या वाटेने. १९४३ मध्ये कुणा महापौराने सही केली नव्हती. पाच वर्षं एका गावाने दुसऱ्या देशाच्या पोरांना शेजारी मानलं, एवढंच झालं होतं.

दुसरं नाव तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांत कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, म्हणजे पाचांतले दोघे महाराष्ट्रातले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिकेशी, कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला हे आपल्याला माहीत असतं. शिजियाझुआंग शहरात त्यांची कबर आहे, पुतळा आहे, त्यांच्या नावाने वैद्यकशिक्षणाची शाळा आहे, आणि सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक महापालिकेने केलं आहे. बासष्टच्या युद्धानंतर, डोकलामनंतर, गलवाननंतरही चिनी बाजूने कोटणीसांचं नाव घेणं थांबलं नाही. चिनी नेते मुंबईत आले की त्यांच्या कुटुंबाला भेटत. यात चीनचं राजकारण नाही असं मी म्हणत नाही, आहेच. पण राजकारणालाही वापरावंसं वाटेल असं काहीतरी आधी खरं घडलेलं लागतं.

आता जरा घरचं. ठिबकची नळी तुमच्यापैकी निम्म्यांच्या शेतात असेल. वाकोदच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने २००७ मध्ये इस्रायलची नानदान ही ठिबकची कंपनी निम्मी घेतली, २०१२ मध्ये पुरी घेतली. नान आणि दान ही तिथल्या दोन किबुत्झांची नावं, किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेतीची गावं. त्या कंपनीचं नावच मग ‘नानदानजैन’ झालं. जळगाव जिल्हा आणि इस्रायलमधली दोन खेडी एका नावात आली, आणि त्यासाठी कुणाला हारतुरे घालावे लागले नाहीत. २०२३ मध्ये तो सगळा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत मिसळला. धंद्याचं नातं असंच असतं, हिशेब बदलला की पाटी बदलते. पण त्यातून रोपं, नळ्या, माणसं आली-गेली ते खोटं नव्हतं, आणि कोरड्या मैत्रीकरारांपेक्षा खानदेशाला त्याचा उपयोग अधिक झाला.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली, टागोरांच्या विश्वभारतीपासून स्फूर्ती घेऊन. प्रांताप्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं. ती कल्पना संस्थांच्या फलकांवर राहिली असं आपण खेदाने म्हणतो, पण इथे फॅक्टरीच्या वसाहतीत ती कुणी न ठरवताच घडली. बंगाली, तेलुगू, पंजाबी, हिंदी घरं शेजारी-शेजारी, पोरं एका शाळेत, भरताच्या वांग्यांची वाटावाटी. परक्यांशी नातं जोडायचं तंत्र वरणगावला शिकवावं लागणार नाही. ते गावाने साठ वर्षं केलंय.

मग वरणगावने कुठल्या परदेशी गावाशी नातं जोडावं, असं मला काल जेवताना कुणीतरी विचारलं. हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ मध्ये शांततेसाठी सुरू केलेल्या महापौरांच्या संघटनेत आज आठ हजारांहून अधिक गावं-शहरं आहेत, तिथे जावं असं एका तरुणाने सुचवलं. जरूर जावं. पण माझं मत वेगळं आहे.

आपल्या भुसावळ, रावेर, यावल तालुक्यांत केळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागांत बहुतेक ग्रँड नैन, टिश्यूची रोपं, म्हणजे सगळी एकाच कॅव्हेंडिश घराण्यातली. पनामा मर रोगाचा जो नवा प्रकार आहे, त्याला शास्त्रज्ञ टीआर-फोर म्हणतात, तो याच घराण्याला खातो. मातीत एकदा शिरला की दशकानुदशकं राहतो, फवारणीला जुमानत नाही. भारतात तो बिहारच्या कटिहारकडे सापडून काही वर्षं झाली. फिलिपिन्सच्या दावाव भागातल्या लहान शेतकऱ्यांनी त्याच्यापायी बागा सोडल्या, काहींनी तैवानच्या केळी संशोधन संस्थेने टिश्यूतून निवडलेली सहनशील रोपं लावून पाहिली. काय जगलं, काय मेलं, घड किती हलका झाला, व्यापाऱ्याने भाव किती पाडला, हे त्यांना ठाऊक आहे.

नातं जोडायचं तर या दावावच्या केळीवाल्यांशी. पण नगर परिषदेने तसा ठराव आत्ता करू नये, निदान दोन वर्षं तरी नको. आधी इथल्या दहा केळीवाल्यांनी, कृषी विज्ञान केंद्रातल्या एखाद्या माणसाला हाताशी धरून, दावावच्या दहा केळीवाल्यांशी महिन्यातून एकदा पडद्यावर बोलावं. भाषा मोडकी चालेल. बागेत जाणाऱ्या माणसाचे बूट आणि ट्रॅक्टरची चाकं धुवायला ते नेमकं काय वापरतात, गावाने मिळून पाळत कशी ठेवली, आणि कुणाच्या बागेत पहिलं खोड पिवळं पडलं तेव्हा त्याने ते शेजाऱ्यांना सांगितलं की लपवलं, इथपासून विचारायला सुरुवात करावी.